बोक्याचं आत्ता, गोल्डनचं वर्षानंतर: नर कुत्र्या-मांजरांच्या निर्बीजीकरणाबद्दल

प्रश्न पुण्यातल्या एका ताईंचा आहे. घरात सात महिन्यांचा देशी बोका आणि आठ महिन्यांचा गोल्डन रिट्रीव्हर. बोका पडद्यावर, सोफ्याच्या पाठीवर, चपलांच्या कपाटावर फवारे मारायला लागलाय आणि रात्रभर दाराशी ओरडतो. कुत्रा आल्यागेल्याच्या पायाला मिठी मारून चढतो. डॉक्टर म्हणाले, दोघांचंही एकाच दिवशी उरकून टाका. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला असं करणं पाप आहे, निदान एकदा तरी मेटिंग होऊ द्या. सोसायटीत चार भटके नर कुत्रे आहेत, त्यांचंही करून घ्यावं का, हा शेवटचा प्रश्न.

ताई, थोडक्यात सांगायचं तर बोक्याचं याच महिन्यात करून घ्या. गोल्डनच्या बाबतीत मात्र तो किमान एक वर्षाचा, जमल्यास सव्वा वर्षाचा होईपर्यंत थांबा. दोघांना एकाच दिवशी नेण्यात तुमची धावपळ वाचेल, पण कुत्र्याच्या हाडांना ते सोयीचं नाही. माझी इतक्या वर्षांची प्रॅक्टिस मला हेच सांगते की बोका आणि मोठ्या जातीचा कुत्रा यांना एकच नियम लावायचा नसतो. कारणं सविस्तर लिहितो, म्हणजे घरात सगळ्यांना समजावून सांगता येईल.

आधी बोका. तो फवारा मारतोय की नुसती लघवी करतोय, हे एकदा नीट बघून घ्या. फवारा मारणारा बोका भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ वर जाते, तिचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि मागच्या बाजूने बारीक धार उभ्या पृष्ठभागावर जाते. दुसऱ्या मांजराच्या नाकाच्या उंचीवर तो आपली पाटी लावत असतो. याउलट बोका खाली बसून गादीवर, बाथरूमच्या जाळीवर किंवा न्हाणीत थोडी थोडी लघवी करत असेल, तर आधी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करायला हवी. ते दुखणं मूत्राशयाचं असू शकतं आणि निर्बीजीकरणाने ते बरं होणार नाही. तुम्ही उभ्याने मारलेले फवारे म्हणताय, वय सात महिन्यांचं आहे, रात्री ओरडणंही आहे. म्हणजे पोरगा वयात आलाय.

वयात आलेल्या बोक्याच्या लघवीला तो उग्र वास येतो त्याला कारण आहे. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, त्याचं प्रमाण टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकामुळे वाढतं आणि ते फुटून गंधकयुक्त संयुगं तयार होतात. साबण-फिनाईलने घासूनही तो वास जात नाही तो यामुळेच. वृषण काढले की टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसांत खाली येतं आणि पुढच्या काही आठवड्यांत वास मावळतो. फवारे मारणं, दुसऱ्या बोक्यांशी मारामारी आणि घराबाहेर पळ काढणं या तिन्ही गोष्टी दहातल्या साधारण नऊ बोक्यांमध्ये ऑपरेशननंतर बंद होतात किंवा अगदी कमी होतात. एखाद्याचं चालू राहतं. बहुतेक वेळा तो उशिरा केलेला, बरीच वर्षं सवय लागलेला बोका असतो, नाहीतर घरात मांजरांची दाटी असते. म्हणूनच मी आत्ताच करा म्हणतोय. सवय मुरायच्या आत केलेलं बरं. बोक्यांसाठी मी चार ते सहा महिन्यांचं वय धरतो. तुमचा महिनाभर पुढे गेलाय, त्याने काही बिघडलेलं नाही.

वासापेक्षा मला जास्त काळजी मारामारीची वाटते. दवाखान्यात येणारा न केलेला बोका बघा. गालफडं सुजून जाड झालेली, कानाच्या कडा फाटलेल्या, शेपटीच्या बुडाशी एक टणक गरम गाठ. ती गाठ म्हणजे दुसऱ्या बोक्याचा सुळा खोल रुतल्याने झालेला गळू असतो. वरून भोक इतकं बारीक की केसांत दिसतही नाही, आत वाटीभर पू. आणि चावण्यातूनच मांजरांमधला एफआयव्ही हा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो आणि त्याला बरं करणारं औषध नाही. त्याशिवाय माजावर आलेल्या मांजरीच्या हाकेमागे चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी मारणारे, दुचाकीखाली सापडणारे, आठ आठ दिवस बेपत्ता होणारे बोके असतात. निर्बीजीकरणाने बोका जास्त जगतो असं म्हणतात त्यात मोठा वाटा या न होणाऱ्या अपघातांचा आहे.

ऑपरेशन बोक्यासाठी खरोखर लहान आहे. भूल दिल्यावर अंडकोशावरचे केस चिमटीने उपटून काढतात, वस्तरा लावत नाहीत, कारण तिथली कातडी पातळ असते आणि नंतर आग होते. दोन बारीक छेद घेतात, वृषण बाहेर घेऊन त्याच्या नाळेची तिच्यावरच गाठ मारतात किंवा दोऱ्याने बांधतात आणि वृषण काढून टाकतात. बहुतेकदा टाके घालत नाहीत, जखम आपोआप मिटते. भूल चढण्या-उतरण्यात जास्त वेळ जातो. संध्याकाळपर्यंत बोका घरी.

घरी आणल्यावर त्याची वाळूची पेटी तीन-चार दिवस बदला. वाळूऐवजी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद घाला, म्हणजे दाणे जखमेत जाणार नाहीत. पहिली रात्र अंधाऱ्या, शांत खोलीत, जमिनीवर ठेवा. भुलीत अर्धवट असलेलं मांजर कपाटावर चढायला बघतं आणि पडतं. अंघोळ दहा दिवस नाही.

आणि एक गोष्ट मी जितक्या मोठ्याने लिहिता येईल तितक्या मोठ्याने लिहितो. त्याला दुखतंय असं वाटलं तर घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात जवळपास नसतेच. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या निळसर पडतात, चेहरा सुजतो. आयबुप्रोफेनही नको, मांजरालाही नको आणि कुत्र्यालाही नको. डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषधच द्या, आणि ते पोटात अन्न गेल्यावर द्या.

निर्बीजीकरण केल्याने बोक्याची लघवी तुंबते, असं तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल. ही भीती मी नीट ऐकून घेतो, कारण तुंबलेला बोका दवाखान्यात आणलेले लोक बहुतेक वेळा केलेला बोकाच घेऊन आलेले असतात. पण लवकर केल्याने मूत्रनलिका अरुंद राहते का, हे मोजून पाहिलं गेलं आहे आणि केलेल्या-न केलेल्या बोक्यांच्या नलिकेच्या व्यासात फरक सापडलेला नाही. बोक्याची मूत्रनलिका मुळातच बारीक असते. तुंबण्यामागे वाढलेलं वजन, कमी पाणी, फक्त कोरडं खाणं, दिवसभर एका जागी लोळणं आणि ताण हे सगळं असतं. ऑपरेशननंतर बोका लठ्ठ होऊ दिला तर त्या वाटेने धोका वाढतो, हे मात्र खरं. तेव्हा रोज थोडं ओलं खाणं द्या, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. बोका पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कण्हतोय, लिंग चाटतोय आणि लघवी थेंबभरही होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

रस्त्यावरून मोठा बोका आणून पाळणाऱ्यांसाठी एक खूण सांगून ठेवतो. अंडकोश रिकामा दिसतोय, पण फवारे आणि वास सुरूच आहेत, असा बोका आला की आम्ही त्याच्या लिंगावरचे बारीक काटे बघतो. हे काटे टेस्टोस्टेरॉनवर टिकतात आणि वृषण काढल्यावर सुमारे दीड महिन्यात नाहीसे होतात. काटे असतील तर एखादा वृषण पोटात दडलेला आहे आणि तो शोधून काढावा लागेल.

आता गोल्डन. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला जुन्या शिकवणुकीप्रमाणे योग्यच होता. सहा महिने झाले की उरका, असंच कित्येक वर्षं शिकवलं जायचं. चित्र बदललं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरच्याच नोंदी तपासल्या तेव्हा. ७५९ कुत्र्यांच्या नोंदी होत्या. वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेसिया झालेला होता, न केलेल्या नरांच्या दुप्पट. गुडघ्यातली हाडं जोडून धरणारा पट्टा, म्हणजे क्रुशिएट लिगामेंट, फाटणं न केलेल्या नरांमध्ये एकालाही आढळलं नाही, लवकर केलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आढळलं. लिम्फोसार्कोमा हा कर्करोगही लवकर केलेल्या नरांमध्ये जवळजवळ तिप्पट निघाला. पुढे त्याच गटाने जर्मन शेफर्डच्या नोंदी पाहिल्या. न केलेल्या नरांपैकी ७ टक्क्यांना सांध्यांचा काही ना काही विकार होता, वर्षाच्या आत केलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. २०२० मध्ये त्यांनी ३५ जातींचा तक्ता मांडला, त्यात लहान जातींमध्ये असा सांध्यांचा फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे पॉमेरेनियन किंवा शिह त्झूचं सहाव्या-सातव्या महिन्यात केलं तर सांध्यांची चिंता नको. गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात घाई नको.

असं का होतं? लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या चकत्या असतात. वयात येताना संप्रेरकं त्या चकत्यांना मिटायला सांगतात. वृषण आधीच काढले की चकत्या उशिरा मिटतात, हाड जरा जास्त लांब होतं आणि खुबा-गुडघ्यात हाडं ज्या कोनात बसायला हवीत तो कोन थोडासा हलतो. गोल्डनच्या वजनाखाली, आणि आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर घसरत धावताना, तो थोडासा फरक पुढे दुखण्याचं कारण होतो. गोल्डन वाढत असेपर्यंत घरात त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. ऑपरेशन कधी करायचं याच्याइतकंच मी या मॅटला महत्त्व देतो.

आता पायावर चढणं. आठ महिन्यांच्या कुत्र्याचं पाहुण्यांच्या पायावर चढणं बरेचदा उत्साहाचं असतं, कामवासनेचं नसतं. माद्याही चढतात, केलेले नरही चढतात. बेल वाजली की आधी गळ्यात पट्टा अडकवा, त्याला त्याच्या गादीवर ‘बस’ म्हणा, बसला की बिस्किटाचा तुकडा द्या आणि पाहुण्यांना सांगा की तो शांत होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. महिनाभर घरातल्या प्रत्येकाने हे सारखंच केलं तर ऑपरेशनशिवायही मोठा फरक पडतो. सासरे हसून त्याला कुरवाळणार आणि तुम्ही ओरडणार, असं झालं तर नाही पडणार.

निर्बीजीकरणाने कुत्र्याच्या वागण्यात काय बदलतं आणि काय नाही, हे आधीच स्पष्ट असलेलं बरं, कारण माझ्याकडे निराश होऊन परत येणारे लोक बहुधा चुकीच्या अपेक्षेने आलेले असतात. माजावर आलेल्या मादीमागे पळून जाणं सर्वांत जास्त कमी होतं. १९७६ सालचा एक अमेरिकी अभ्यास आजही आधार मानतात, त्यात दहातल्या नऊ कुत्र्यांचं भटकणं कमी झालं होतं. दुसऱ्या नरांशी भांडणं आणि चढणं निम्म्याहून जास्त कुत्र्यांत कमी झालं, घरात पाय वर करून लघवी करणं निम्म्यांत. पण अनोळखी माणसावर भुंकणं, खाण्याच्या ताटलीवर गुरगुरणं, दिवाळीच्या फटाक्यांना घाबरणं यांचा वृषणांशी संबंध नाही. भित्रा कुत्रा भीतीपोटी चावत असेल तर मी निर्बीजीकरण पुढे ढकलायला सांगतो. टेस्टोस्टेरॉन थोडा धीटपणा देतं आणि ते काढल्यावर भित्रा कुत्रा आणखी दबलेला आढळतो. अशा कुत्र्याला आधी वर्तनाचा उपचार हवा.

मग गोल्डनचं करायचं तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. म्हातारपणासाठी. पाच वर्षांपुढच्या न केलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांची लक्षणं घरात कोणाच्या लक्षात येत नाहीत. शी पट्टीसारखी चपटी होते, कारण मोठी झालेली ग्रंथी गुदमार्गाला खालून दाबते. लघवीचा संबंध नसताना लिंगातून रक्ताचे थेंब पडतात. कुंथून कुंथून पुढे गुदद्वाराच्या बाजूला हर्नियाचा फुगवटा येतो, त्याचं ऑपरेशन मोठं असतं आणि म्हाताऱ्या कुत्र्याला जड जातं. गुदद्वाराभोवतीच्या गाठी आणि वृषणांचे ट्यूमर हे आणखी दोन. निर्बीजीकरणाने यातलं बहुतेक टळतं, आणि वाढलेली प्रोस्टेट तर ऑपरेशननंतर काही आठवड्यांत आक्रसते. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र यात धरू नका. तो दुर्मिळ आहे, पण निर्बीजीकरणाने टळत नाही, उलट केलेल्या कुत्र्यांत थोडा जास्तच दिसतो. फायदे सांगताना हे कोणी लपवू नये.

आपल्याकडे आणखी एक आजार आहे, ज्याबद्दल परदेशी माहितीत फार वाचायला मिळत नाही. मेटिंगमधून पसरणारा टीव्हीटी हा ट्यूमर. यात कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि तिथे रुजतात. भाद्रपदात टेकडीवर फिरायला नेलेला न केलेला कुत्रा पट्टा सोडला की मादीमागे जातो, आणि दोन-तीन महिन्यांनी मालक तक्रार घेऊन येतात की लघवीतून रक्त जातंय. लिंगावरची कातडी मागे सारली की फुलकोबीसारखी लालभडक, ठिसूळ गाठ दिसते. हुंगण्या-चाटण्यातून तो नाकातही होतो. विन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, पण प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी सांभाळायच्या, हा सगळा व्याप मागे लागतो. तेव्हा थांबायचं ठरवलंत तर थांबण्याच्या त्या काळात पट्टा सोडायचा नाही, ही अट आहे.

आज घरी गेल्यावर एक तपासून बघा. गोल्डनचे दोन्ही वृषण खाली उतरलेत ना? पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत ते उतरतात, सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत तर मग ते बहुधा उतरत नाहीत. जांघेत किंवा पोटात अडकलेला वृषण शरीराच्या उष्णतेत राहून ट्यूमर होण्याचा धोका कितीतरी पट वाढवतो. अशा कुत्र्याचे दोन्ही वृषण काढावेच लागतात आणि त्याची मेटिंग कधीही करू नये, कारण हा दोष पिल्लांत उतरतो.

ऑपरेशनाच्या आधीच्या तपासण्यांत लोक पैसे वाचवायला बघतात. मी एका तपासणीवर अडून बसतो, ती म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी. महाराष्ट्रात गोचीडतापाचं प्रमाण मोठं आहे. एर्लिकिया हा जंतू गोचिडीतून अंगात शिरतो आणि कित्येक महिने कुत्रा वरून धडधाकट दिसतो, खातो, खेळतो, पण त्याच्या प्लेटलेट घसरलेल्या असतात. अशा कुत्र्यावर चाकू लावला की रक्त थांबत नाही. साध्या रक्तगणनेत ते कळतं, आधी तीन-चार आठवडे औषध देऊन मग ऑपरेशन करता येतं. सोबत यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि स्टेथोस्कोपने हृदय नीट ऐकणं. भुलीचा धोका किती, हेही विचारलं जातं. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक आणि निरोगी मांजरांमध्ये हजारात एकाच्या आसपास होतं. ते आकडे चांगली देखरेख असलेल्या दवाखान्यांतले आहेत. म्हणून डॉक्टरांना खुशाल विचारा, शिरेत सलाइनची सुई ठेवणार का, भुलीत असताना श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का, श्वासनलिकेत नळी घालणार का. ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडे करू नका. घरी येऊन टेबलावर उरकून देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. डॉक्टरांची राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असते, ती बघायचा तुम्हाला हक्क आहे. शुल्क विचारताना त्यात रक्ताच्या तपासण्या, भूल, औषधं आणि जखम चाटू नये म्हणून घालायचा गळ्यातला कोन धरला आहे का तेही विचारा. स्वस्त-महाग त्यावरून कळतं.

आदल्या रात्री दहानंतर कुत्र्याला अन्न नाही, पाणी पहाटेपर्यंत चालेल. आजी-आजोबांना हे ठणकावून सांगा. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जातं. तीन-चार महिन्यांच्या मांजराच्या पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्याची साखर उतरते. त्याच्यासाठी तास डॉक्टर सांगतील.

कुत्र्याचा छेद अंडकोशावर नसतो, त्याच्या जरा पुढे एकच असतो. तिथून दोन्ही वृषण काढतात, प्रत्येक नाळ घट्ट बांधतात आणि थरांनी टाके घालतात. घरी आल्यावर रिकामी पिशवी लोंबत राहते. मोठ्या कुत्र्यात ती दोन-चार दिवस थोडी सुजते आणि काही लोकांना वाटतं की डॉक्टरांनी काढलंच नाही. सूज टोमॅटोएवढी वाढली, काळीनिळी झाली किंवा टाक्यांतून थेंब थेंब रक्त सुरूच राहिलं तर लगेच फोन करा. गळ्यातला कोन दहा दिवस काढायचा नाही, जेवताना त्रास होत असेल तर तेवढ्यापुरता तुम्ही समोर बसून काढा. कुत्र्याला टाके उचकटायला पाच मिनिटं पुरतात. जखमेवर हळद, तूप, राख काहीही लावू नका. उड्या, जिने, बागेतली धावपळ दहा दिवस बंद, फक्त पट्ट्यावर शी-शूपुरतं.

मधल्या काळासाठी शस्त्रक्रियेविना पर्याय आहे का, असं काही जण विचारतात. डेस्लोरेलिन या संप्रेरकं थांबवणाऱ्या औषधाचं कातडीखाली बसवायचं इम्प्लांट युरोपात बरीच वर्षं वापरतात, त्याचा परिणाम मात्रेनुसार सहा महिने ते वर्षभर टिकतो आणि मग संप्रेरकं परत येतात. कायमचं करण्याआधी वागणं कसं बदलतं ते बघायला ते चांगलं. पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, तेवढं लक्षात ठेवायचं. नुसती नस बांधली तर पिल्लं होत नाहीत, पण संप्रेरक तसंच राहतं, म्हणजे फवारेही तसेच आणि प्रोस्टेटही तशीच. गावाकडे बैलांना लावतात तो चिमटा कुत्र्यावर चालवायचा नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही. त्यांना जनावराची दया येते म्हणूनच त्या बोलतात. त्यांना माझ्या वतीने एवढं सांगा. कुत्र्याला संसाराची, बाप होण्याची कल्पना नसते. मादीचा वास आला की शरीर खेचलं जातं, वास नसला की त्याला त्याची आठवणही नसते. पण न केलेल्या नराला तो वास दूरवरून येतो. शेजारच्या इमारतीतली मादी माजावर आली की तो तीन-चार दिवस जेवत नाही, दाराशी रडतो, लाळ गाळतो, आणि आपण त्याला आत कोंडून ठेवतो. वर्षातून कित्येकदा हे सोसायला लावणं दयेचं नाही. एकदा मेटिंग झाल्याने तो शांतही होत नाही, उलट चव कळल्यावर ओढ वाढते, आणि नंतर निर्बीजीकरण केलं तरी ती सवय बोक्यात आणि कुत्र्यात काही प्रमाणात राहते.

आणि पिल्लं? मेटिंग करायचीच असेल तर आधी दोन वर्षांनंतर खुब्यांचे एक्स-रे काढा, मादीचेही मागा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पिल्लं विकण्यासाठी पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ-दहा गोल्डन पिल्लांना दहा-बारा वर्षं सांभाळणारी घरं तुमच्या ओळखीत आहेत का, हे कागदावर नावं लिहून बघा. बोक्याच्या बाबतीत तर तुम्हाला त्याची पिल्लं दिसणारही नाहीत. ती कुणाच्या तरी जिन्याखाली जन्मतात, आणि पावसाळ्यात खोक्यात घालून दवाखान्याच्या दाराशी ठेवलेली मिळतात, डोळे चिकटलेली, अंग गार पडलेली. त्यातली बरीचशी आम्ही वाचवू शकत नाही. दयेचा हिशोब करताना त्यांनाही धरावं, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशननंतर दोघांचंही खाणं पहिल्या आठवड्यापासूनच कमी करा. भूक वाढते आणि ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने घटते, अशी दोन्हीकडून ओढ असते. ‘नसबंदीने कुत्रा जाडा होतो’ याचा अर्थ एवढाच. अंदाजाने वाडगा भरू नका, वजनकाट्यावर खाद्य मोजा, आणि त्यात पोळीचा तुकडा, तूप, दहीभात, चहाबरोबरचं बिस्किट हे सगळं धरा. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

बोक्याबाबत अजून एक. वृषण काढल्यावरही वीर्य वाहून नेणाऱ्या नलिकेत काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक असतात. पाच-सहा आठवडे त्याला न केलेल्या मांजरीजवळ जाऊ देऊ नका.

शेवटी सोसायटीतले चार नर. त्यांचं जरूर करून घ्या, पण त्याने परिसरातली पिल्लं कमी होतील अशी आशा धरू नका. एक नर बाकी राहिला तरी तो आसपासच्या सगळ्या माद्यांना पुरतो, आणि भाद्रपदात नर दुरून चालत येतात. संख्या माद्यांच्या निर्बीजीकरणाने आटोक्यात येते, आणि तीही एका भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांचं एका हंगामात झालं तर. नरांचं केल्याने माजाच्या दिवसांतल्या टोळ्या, रात्रीच्या मारामाऱ्या आणि टीव्हीटी कमी होतो, तेवढाही फायदा मोठा आहे. हे काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली महापालिकेने, मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करायचं असतं. कुत्र्याला पकडून निर्बीजीकरण आणि रेबीजची लस, ओळखीसाठी कानाला खाच, आणि मग ज्या जागेवरून उचलला तिथेच परत सोडणं. स्वतः पकडायला जाऊ नका. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, चारही कुत्र्यांचे फोटो आणि त्यांच्या बसण्याच्या जागा जोडा, आणि परिसरातल्या माद्याही त्याच अर्जात घाला. गाडी येईल त्या सकाळी त्यांना रोज खायला घालणाऱ्या माणसाला तिथे उभं करा. ओळखीचा हात असला की कुत्रा जाळ्याविनाही गाडीत चढतो.